खंडेनवमीला पुसलेली गाडी

बंगल्यासमोर काळी गाडी आरशासारखी उभी दिसली, तर धुतल्यावर ती पुसली कोणी, असं तुमच्या मनात कधी आलं आहे का?

आलं नसेल. धुणं सगळ्यांना दिसतं. बादल्या वाजतात, पाणी उडतं, फाटकापर्यंत चिखल होतो. पुसणं मात्र गुपचूप होतं, आणि गाडीचं खरं काम तेच. आम्ही राहत होतो तिथल्या विहिरीचं पाणी जड होतं. त्यात डाळ लवकर शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. तसलं पाणी काळ्या पत्र्यावर उन्हात सुकलं की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरं कडं उरतं. ते नुसत्या फडक्यानं जात नाही, आणि जोर लावून घासावं तर रंगावर ओरखडे उठतात. म्हणून थेंब सुकायच्या आत उचलायचा. "उचलायचा, घासायचा नाही," असं माझे वडील म्हणत.

वडील त्या बंगल्यावर ड्रायव्हर होते. मालक म्हणजे संस्थानी फौजेतले जुने सरदार. सगळे त्यांना सरकार म्हणत, त्यांच्या पत्नीला बाईसाहेब. माझे आजोबा त्यांच्या वडिलांच्या तुकडीत घोड्यावर होते. घोडे गेले, मोटारी आल्या, तेव्हा वडील संस्थानच्या मोटारखान्यात गाडी शिकले आणि सरकारांकडे लागले. पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं. इंदूरच्या कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. सरकारांकडे बंगला, भिंतीवरच्या तलवारी आणि ती काळी विलायती गाडी एवढं राहिलं. आमच्याकडे बंगल्यामागची दोन खोल्यांची क्वार्टर राहिली, आणि तीही गाडी चालवणाऱ्याची म्हणून. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या दोन खोल्यांपायी घडलं.

पुसायचे वडिलांचे कायदे होते. गाडी झाडाच्या सावलीत घ्यायची. आधी वरून नुसतं पाणी सोडायचं, म्हणजे पाण्याबरोबर पाणी ओघळून जातं. मग टप, मग काचा, मग पुढचं झाकण, मग दारं, आणि चाकं सगळ्यांत शेवटी. चाकांचं फडकं वेगळं, त्याची खुंटीसुद्धा वेगळी. फडकं दोन्ही हातांनी ताणून पत्र्यावर पसरायचं आणि आपल्याकडे सरळ ओढून घ्यायचं. गोल गोल फिरवायचं नाही. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं मेलं. मातीचा एक कण त्यात अडकला तरी तो गाडीवर आपली सही करून जातो.

पूर्वी पुसायला कमावलेलं मऊ कातडं मोटारखान्यातून मिळे. विलीनीकरणानंतर ते बंद झालं, आणि होतं ते वाळून पापडासारखं झालं. तेव्हा आईनं तिचं जुनं महेश्वरी लुगडं काढून दिलं. धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. बाबांनी आधी त्याचे काठ फाडून टाकले, कारण जरीची तार रंग ओरबाडते. आई उंबऱ्यात बसून ते फाडणं ऐकत होती. "माझ्या माहेरचं शेवटचं होतं हो ते," एवढंच म्हणाली. मग उरलेल्या कापडाच्या घड्या घालून तिनंच खुंटीवर ठेवल्या.

आता डोळ्यांचं.

एका उन्हाळ्यात आईच्या लक्षात आलं की गाडीवर डाग राहतात. सगळीकडे नाही. बाबा जिथे उभे राहून पुसत तिथे मधोमध पत्रा लखलखीत असे, आणि त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी सुटलेल्या असत. तिला वाटलं घाई झाली असेल. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. मग ती त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली, अगदी हाताच्या अंतरावर, आणि बोलली नाही. बाबा पुसत राहिले. ती शेजारी आहे हे त्यांना कळलंच नाही.

"अहो," ती म्हणाली.

बाबा एवढे दचकले की फडकं खाली पडलं.

"केव्हापासून?" आईनं विचारलं.

"काय केव्हापासून? काही नाही. ऊन आहे ना, चमकतं."

"आपण सावलीत आहोत."

संध्याकाळी बाबांनी सांगितलं. समोरचं दिसतं, स्वच्छ दिसतं, पण कडेचं जग बंद होत चाललंय. दिवे लागले की प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. मी म्हटलं, उद्या दवाखान्यात जाऊ. बाबा हसले. डोळ्यांचे डॉक्टर सरकारांचे दोस्त होते, रविवारी बंगल्यावर पत्ते खेळायला येत. "बेटा, मी तिथे डोळा उघडीन आणि इथे क्वार्टर खाली करावी लागेल."

त्यानंतर गाडी आई पुसू लागली. बाबा धूत, म्हणजे फाटकावरून बघणाऱ्याला ड्रायव्हर काम करताना दिसे. मग गाडी मागच्या जांभळीखाली येई आणि तिथे आई आणि मी ती कोरडी करत असू. पण आईच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. फडकं ओढताना त्या पत्र्याला लागत. बाबा म्हणाले, "बांगड्या काढ." म्हणाले आणि जीभ चावली. नवरा समोर उभा असताना सवाष्णीनं हात मोकळे करायचे?  त्याच लुगड्याच्या पट्ट्या फाडून आईनं बांगड्यांवरून मनगटाला गच्च बांधल्या, जखमेला बांधतात तशा, आणि कामाला लागली.

बागेतला माळी हे रोज बघे. माळव्यातला माणूस, जिभेला हाड नाही. "क्यों भिया," तो बाबांना म्हणे, "रोटी भी भाभी बनाए, गाड़ी भी भाभी पोंछे, तो आप क्या करो हो?"

"हॉर्न बजाता हूँ," बाबा म्हणत. आम्ही सगळे हसत असू. आईसुद्धा.

काचांना शेवटचा हात कागदाचा लागतो. चुरगळलेला छापील कागद काच जितकी कोरडी करतो तितकं कुठलं फडकं करत नाही. कागद पुरवी माझा मामा. तो एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, आणि बिघडलेली पत्रकं आमच्याकडे आणून टाकायचा. गिरणीतल्या सभांची, संपाची, महागाईविरुद्धची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, गणितं केली ती त्यांच्या कोऱ्या पाठीवर. आठ तासांचा दिवस म्हणजे काय हे मला पाढ्यांच्या आधी माहीत होतं. आणि आता आई तीच पत्रकं चुरगळून सरदाराच्या गाडीच्या काचा पुसत होती. मी एकदा तिच्या हातातून कागद ओढला.

"यावर कामगारांचे हक्क लिहिलेत!"

"दे इकडे," आई म्हणाली. "हक्क कोरडे आहेत, चांगले पुसतात."

मला राग आला होता. आजही येतो, पण तिच्यावर नाही.

मी गप्प बसणारी मुलगी नव्हते. सरकार महिन्यातून एकदोनदा महूला जात, छावणीतल्या जुन्या ओळखीच्या अफसरांना भेटायला. एकदा परत आल्यावर बाबा गाडीतून उतरेनात. हात स्टिअरिंगवरच होते. मी दार उघडलं. ते म्हणाले, डावीकडच्या बैलगाडीच्या रस्त्यावरून एक सायकलवाला आला, सायकलवर पुढे एक मूल. "मला तो दिसलाच नाही. तो ओरडला म्हणून कळलं." मागच्या सीटवर सरकार झोपलेले होते. त्यांना काही कळलं नव्हतं.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून भाषण केलं, पत्रकातलं असतं तसं. म्हणाले, तुम्ही कोणाला तरी माराल. ते मूल एखाद्या मजुराचं असेल, तुमच्यासारख्याच एखाद्याचं. नोकरीपायी दुसऱ्याचा जीव घ्यायचा अधिकार गरिबालाही नाही. सरकारांना जाऊन सांगा. डोळे जाणं हा गुन्हा नाही, इतकी वर्षं राबलात, ते सांभाळतील. आणि नाही सांभाळलं तर आपण लढू.

बाबा शांतपणे जेवत होते. "कोण लढणार?" त्यांनी विचारलं. "गिरणीत हजार माणसं आहेत, संप होतो. इथे ड्रायव्हर किती? मी एक. एकट्याचा संप म्हणजे काय माहितेय का बेटा? घरी बसणं."

 मामाच्या एकाही पत्रकात याचं उत्तर नव्हतं. पण आईनं माझी बाजू घेतली, तिच्या पद्धतीनं. ती म्हणाली, "दसरा होऊ द्या. दसऱ्यानंतर तुम्ही स्वतः सांगायचं. तोवर महू नको, काही तरी निमित्त काढा." बाबांनी मान डोलावली. दसऱ्यापर्यंत गाडी गावातच फिरली, तीही सकाळच्या उजेडात, आणि शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा माळी बसलेला असे, मंडईतून रोपं आणायची आहेत म्हणून. कडेचा रस्ता बघायला आईनं त्याला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. हाच तो जिभेला हाड नसलेला माणूस.

खंडेनवमीला आमच्या बंगल्यावर शस्त्रांची पूजा असे. भिंतीवरच्या तलवारी खाली येत, व्हरांड्यात पाटावर मांडल्या जात, आणि घोडा नाही म्हणून गाडीची पूजा होई. बाईसाहेब स्वतः दारांना हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत. वर्षात त्या गाडीला हात लावत तो तेवढाच. त्यामुळे त्या दिवशी गाडीवर एक ठिपकासुद्धा चालत नसे. आश्विनातलं ऊन कडक असतं. पाणी टाकलं की सुकायलाच लागतं. आम्ही पहाटे उजाडल्याबरोबर गाडी घेतली. आईच्या उजव्या हातातली एक बांगडी आदल्या दिवशी पिचली होती. "वाढवून टाक ना ती," मी म्हटलं. ती म्हणाली, या हातात दोनच उरल्यात, सणाच्या दिवशी एका बांगडीनं कशी वावरू, कासार आज येईल तेव्हा भरीन. आणि तिनं वरून पट्टी बांधली. घाईत मागचं दार पुसताना पट्टीतून काचेची तुटकी कड बाहेर आली असणार. आम्हाला दिसलं नाही. सावलीत गाडी निर्मळ दिसत होती.

उन्हात दिसलं.

बाईसाहेब ताट घेऊन आल्या. पुढचं झाकण, पुढची दारं झाली. मागच्या दाराशी त्या वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"हे काय?"

बाबा पुढे झाले. त्यांनी पत्र्याकडे पाहिलं, किंवा पाहिल्यासारखं केलं. "पुसून घेतो, बाईसाहेब."

"पुसून जाणार आहे का ते? बांगडीच्या रेघा आहेत. काचेच्या." त्या सरळ झाल्या. एरवी त्या बाबांना अहोजाहो करत. "मागच्या सीटवर कुणाला घेऊन फिरतोस रे?"

व्हरांड्यात सरकार होते, स्वयंपाकीण होती, पाहुणे होते. कुणी तरी हसलं. "या वयात!" असं कुणी तरी म्हणालं. मी माळ्याकडे पाहिलं; तो मान खाली घालून हाराचा दोरा सोडवत होता.

बाबा म्हणाले, "चूक झाली, बाईसाहेब."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी कबूल केलं होतं. जे केलंच नव्हतं ते, सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. आणि मग मला कळलं की ते काय करत आहेत. डोळ्यांचं झाकायला ते बदनामी पत्करत होते.

आई थांबली नाही. ती मागच्या दारातून आली, हात ओलेच होते. गाडीपाशी उभी राहून तिनं मनगटावरची पट्टी सोडली. दोन गाठी, ओल्या म्हणून सुटेनात, दातांनी सोडवल्या. मग हात पुढे केला. पिचलेली बांगडी उन्हात दिसली.

"माझ्या रेघा आहेत बाईसाहेब. गाडी मी पुसते."

"तू? का बरं?"

"ह्यांना कडेचं दिसत नाही."

व्हरांड्यातून सरकार उठून आले. ते रागावले नव्हते. मला ते रागवायला हवे होते. त्यांनी बाबांना एवढंच विचारलं, "उन्हाळ्यात महूला नेलंत, तेव्हाही?"

"सरळ रस्ता दिसतो, सरकार," बाबा म्हणाले.

सरकारांचा चेहरा मी विसरलेले नाही. ते त्या गाडीत मागे झोपले होते. भ्यायचा त्यांना अधिकार होता, आणि हे मी त्यांची बाजू घेते म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून लिहिते. पण इतकी वर्षं ज्याच्या हातात जीव दिला, त्याला ते आणखी एक गोष्ट विचारू शकले असते: डोळ्यांना औषध काय करता? तो प्रश्न त्या व्हरांड्यात कुणालाच सुचला नाही. त्यांनी फक्त गाडीची किल्ली मागितली.

पूजा पुरी झाली. गाडीला हार घातला गेला.

क्वार्टरमध्ये आल्यावर बाबा आईवर ओरडले. मी त्यांना तिच्यावर ओरडताना तेव्हाच ऐकलं.

"कशाला बोललीस? बदफैली म्हणून काढलं असतं, काढू द्यायचं! बदफैली ड्रायव्हरला दुसरीकडे गाडी मिळते. इंदुरात पन्नास शेठ आहेत, कुणी विचारत नाही. आंधळ्याला कोण देतं?"

"तुम्हाला चाललं असतं," आई म्हणाली. "मला नसतं चाललं."

"तुला काय लोकांची पडलीय?"

"लोकांची नाही. त्या मुलाची. सायकलवरच्या."

बाबा खाली बसले.  बाहेर कासार आला, हाका मारून निघून गेला.

आम्हाला कुणी हाकललं नाही. आमच्यासारख्यांना अशा घरांतून हाकलत नाहीत. नव्या ड्रायव्हरला खोल्या लागतील असं कळवण्यात आलं, आणि निघायच्या दिवशी बाईसाहेबांनी आईला आत बोलावून पाटावर बसवलं, खणानारळानं ओटी भरली, कुंकू लावलं. "सांभाळून राहा गं," म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. मी दारात उभी होते. मला त्या नारळाचा जेवढा संताप आला तेवढा कुठल्याही शिवीचा आला नसता. आमचं घर गेलं, आणि वर आम्ही ऋणी झालो! आईनं वाकून नमस्कार केला. करावाच लागतो.

मामाच्या एका खोलीत आम्ही राहायला गेलो. आता गमावायला काही उरलं नव्हतं, म्हणून बाबा सरकारी दवाखान्यात गेले, त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी काळोख्या खोलीत बराच वेळ तपासलं. भला माणूस. काचबिंदू आहे म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली औषधाच्या थेंबांनी थोडीफार टिकवता येते, पण राहिलीच फार कमी. मग जरा चिडून म्हणाले, "दिव्याभोवती रंगाची कडी दिसायला लागली तेव्हाच का नाही आलात? तेव्हा बरंच वाचलं असतं."

बाबा म्हणाले, "तेव्हा नोकरी होती, डॉक्टरसाहेब."

 डॉक्टरांनी थेंबांची बाटली आईच्या हातात दिली आणि दुसऱ्या रोग्याला हाक मारली.

थेंबांनी दोनेक वर्षं काढली. बाबांच्या समोरचं जग आधी खिडकीएवढं होतं, मग थाळीएवढं झालं, मग पैशाएवढं. शेवटी शेवटी ते आईचा चेहरा बघायला तिची हनुवटी धरून तिला उजेडाकडे वळवत, आणि एकदा डोळे, एकदा कपाळ, असे तुकड्यातुकड्यांनी बघत. ती हलायची नाही. आता तेही नाही. आता ते दारात बसतात आणि रस्त्यानं जाणारी गाडी आवाजावरून ओळखतात. बरोबर ओळखतात. पण मला त्याचं कौतुक करवत नाही, कारण हा माणूस आज रस्ता बघत असता.

लोक मला सांगतात, हे नशीब आहे, डोळ्यांचा आजार कुणाला टळलाय. आजार नशीब असेल. पण आजार लपवावा लागला, हे नशीब नव्हतं. ते दोन खोल्यांचं भय होतं. बाबा दवाखान्यात जायला भ्याले नाहीत. दवाखान्यातून परत आल्यावर कुठे राहायचं, याला भ्याले. आणि त्या भयात त्यांची नजर गेली, आणि एक मूल जाता जाता राहिलं. ज्यांनी ते भय घातलं त्यांना आपण ते घातलंय हे माहीतही नव्हतं. त्यांनी कधी धमकी दिली नव्हती. द्यावी लागत नाही.

हे मी मामाच्या छापखान्यात पत्रक म्हणून छापणार होते. मामा म्हणाला, "पत्रकाला मागणी लागते. तुझी मागणी काय?" मी खूप विचार केला. माझी मागणी कुठल्याच सरकारकडे नाही, हे वाचणाऱ्या तुमच्याकडे आहे.

तुमच्याकडे कुणी गाडी चालवत असेल, शिवत असेल, खिळे जुळवत असेल, धान्य निवडत असेल, ज्याच्या डोळ्यांवर तुमचं काम चालतं असं कुणीही असेल, त्याला या आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन जा. त्याला एकट्याला पाठवू नका, तुम्ही बरोबर जा. पण निघायच्या आधी, तुमच्या घरातल्या माणसांसमोर आणि त्याच्या घरातल्या माणसांसमोर, त्याला सांगा की तपासणीत काहीही निघालं तरी तुझं घर जाणार नाही, आणि हे काम जमलं नाही तर दुसरं देऊ. हे आधी सांगा, आणि मगच टांगा बोलवा.